तोडला तरी खोडव्यासारखा फुटणारा खोटा अँटीव्हायरस: घरच्या कॉम्प्युटरवरून मुळासकट कसा काढायचा

"आलंय बघ परत ते."

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या काकांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच. काका निवृत्त शिक्षक. घरात विंडोज १०चा एक जुना डेस्कटॉप. पेन्शनची कागदपत्रं, लाइटबिल, नातवाच्या शाळेचे प्रोजेक्ट, एवढाच त्याचा वापर. दिवाळीनंतर त्यावर एक लाल खिडकी यायला लागली. वर ढालीचं चित्र, मध्ये मोठ्या अक्षरात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’, आणि खाली ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’. फुली मारली की जायची, थोड्या वेळानं परत यायची. दोनदा दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणला. दोन्ही वेळा चार-पाच दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काकांची उसाची शेती करवीर तालुक्यात आहे (ऊस तोडल्यावर जमिनीत राहतं ते बुड म्हणजे खोडकी, तिच्यातून परत फुटतो तो खोडवा), त्यामुळे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, "तोड झाली तरी खोडकी जमिनीतच हाय रे. खोडवा फुटणारच की."

राजारामपुरीत माझं दुरुस्तीचं छोटं काम आहे. अशी तक्रार आली नाही असा आठवडा जात नाही, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: काढलं होतं की, मग परत कुठनं आलं? काकांनी सांगितलं तेच त्याचं उत्तर आहे. दिसतं ते कापलं जातं, जमिनीतलं तसंच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरातलं कुणी तास-दोन तास शांतपणे बसलं तर यातलं बरंचसं काम दुकानात न जाता होतं.

‘व्हायरस कुठला आहे?’ असं लोक आधी विचारतात. त्याचं नाव कळून घरच्या माणसाला फारसा उपयोग नाही. विचारायचं ते असं: तो परत केव्हा येतो? येण्याची वेळ लपायची जागा सांगते. काकांना मी एवढंच सांगितलं की दोन दिवस त्यावर बँकेचं काही उघडू नका, आणि खिडकी आली की घड्याळ बघून लिहा. त्यांनी नातवाची जुनी वही घेतली आणि फळ्यावर लिहावं तसं ठाशीव अक्षरात लिहून काढलं: ‘९.१२ चालू केला. ९.१४ आली. ९.४४ आली. १०.१४ आली. १०.३० क्रोम बंद केलं. १०.४४ क्रोम आपोआप उघडलं, आली.’ या पानानं निम्मं काम केलं. कसं ते पुढे येतंच.

खिडकी समोर असताना

अख्खा स्क्रीन भरून लाल पान आलंय, माउस हलत नाही, स्पीकरमधून कुणीतरी बजावतंय की कॉम्प्युटर बंद करू नका. घाबरून जायला होतं, आणि तसं व्हावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. ते फक्त एक वेबपान आहे. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुलस्क्रीन सुटतो. नाही सुटला तर ऑल्ट आणि एफ-४. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउजरवर क्लिक करून ‘एंड टास्क’ द्या. ब्राउजर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारेल, तिथे हो म्हणू नका, नाहीतर तेच पान परत येईल.

त्या नंबरवर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एवढी एक गोष्ट घरातल्या थोरामोठ्यांना आजच सांगून ठेवा. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन दुरून चालवायचं ॲप टाकायला लावतो, मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोज स्वतःच्या घडामोडी नोंदवतं त्या यादीतल्या) लाल-पिवळ्या खुणा दाखवून म्हणतो, ‘बघा किती व्हायरस.’ त्या खुणा कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर शेकड्यांनी असतात. मग पैसे मागतो.

हा धंदा जुना आहे. २००८च्या आसपास ‘एक्सपी अँटीव्हायरस’सारख्या नावांचे खोटे प्रोग्रॅम जगभर पसरले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८मध्ये ते विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं, दहा लाखांहून जास्त ग्राहक फसल्याचं सांगितलं, आणि २०१२मध्ये त्या खटल्यात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. तरी पद्धत तीच राहिली: आधी खोटी तपासणी, मग भीती, मग बिल. ‘पीसी क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘रजिस्ट्री फिक्सर’ अशा नावांनी आजही येतं ते त्याच जातीचं. स्कॅन फुकट, दुरुस्ती विकत, आणि सापडलेल्या चुकांचा आकडा नेहमी भीतीदायक.

वेळेवरून जागा ओळखा

ब्राउजर उघडा असतानाच, उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट येते आणि तिच्यावर बारीक अक्षरात कुठल्यातरी वेबसाइटचं नाव असतं: तो व्हायरस नाही, तुम्हीच कधीतरी दिलेली नोटिफिकेशनची परवानगी आहे. काही शोधलं की भलतंच पान उघडतं, होमपेज बदलतं: एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउजरला जोडलेली छोटी पुरवणी. कॉम्प्युटर चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत येतं: स्टार्टअप, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी. घड्याळ लावल्यासारखं ठराविक अंतरानं येतं: टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय. काढलेलं एक्स्टेंशन क्रोममध्ये लॉगिन केल्याबरोबर परत येतं: सिंक, म्हणजे एका खात्याची सेटिंग्ज सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी ठेवणारी सोय. पेनड्राइव्ह लावला की येतं: पेनड्राइव्ह. फॉरमॅटनंतर चार दिवसांनी येतं: तुम्ही स्वतः परत टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा डी ड्राइव्ह. आणि घरातल्या वायफायवर मोबाइललासुद्धा तसलीच पानं दिसतात, मोबाइल डेटावर दिसत नाहीत: राउटर.

काकांच्या वहीत बरोब्बर अर्ध्या तासाचं अंतर होतं, आणि क्रोम बंद असतानाही क्रोम उघडून खिडकी येत होती. म्हणजे नोटिफिकेशन नाही. कुणीतरी आतून घड्याळ लावून ठेवलंय.

नोटिफिकेशनचं आधी सांगून टाकतो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत हेच सगळ्यात जास्त असतं आणि पाच मिनिटांत जातं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. ओळखीची नाही ती प्रत्येक साइट काढून टाका आणि वर ‘साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ हा पर्याय निवडा. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत नोटिफिकेशन्स असं टाकलं की तीच जागा सापडते. क्रोमच्या ‘सिस्टिम’ भागात ‘क्रोम बंद झाल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा’ असं बटण आहे, तेही बंद करा. ही परवानगी कशी दिली जाते? रात्री फुटबॉलची मॅच फुकट बघायला कुठल्यातरी साइटवर जातो, तिथे लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा.’ कोल्हापुरात फुटबॉल म्हटल्यावर अलाउ दाबलं जातंच. त्याच जातीचा आता एक जास्त वाईट प्रकार निघालाय. साइट म्हणते, माणूस असल्याची खात्री करण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. असं कुठेही दिसलं तर पान तिथल्या तिथे बंद करा. त्या तीन कृतींनी तुम्ही स्वतःच्या हातानं एक आज्ञा चालवता, आणि ती बहुधा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवते. चालवली गेलीच असेल तर खालचा पासवर्डचा भाग आजच करा, उद्यावर टाकू नका.

एक्स्टेंशनच्या बाबतीत क्रम चुकतो म्हणून ते परत येतं. आधी क्रोमचं सिंक बंद करा, मग एक्स्टेंशन काढा, मग त्याच खात्यानं उघडणाऱ्या घरातल्या बाकीच्या कॉम्प्युटरवरूनही काढा, आणि शेवटी सिंक सुरू करा. काढायचं बटणच दिसत नसेल आणि क्रोमच्या मेनूत तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउजर सांभाळते’ अशा अर्थाची ओळ असेल, तर थांबा. घरच्या कॉम्प्युटरला कसली आलीय संस्था? काही चांगले अँटीव्हायरसही ही ओळ आणतात, पण तसं नसेल तर कुणीतरी पॉलिसी, म्हणजे ब्राउजरवर सक्तीचा नियम, घालून ठेवलेली असते. मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे छोटं मोफत साधन आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी काढायची सोय आहे. ते त्यांच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर वरती येणाऱ्या जाहिरातीतून घेऊ नका, कारण खोटी साधनं नेमकी तिथेच ठेवलेली असतात.

काकांच्या कॉम्प्युटरवर काय सापडलं

आधी नेटची वायर काढली. हे महत्त्वाचं आहे, कारण नेट चालू असेल तर एक तुकडा काढेपर्यंत दुसरा तुकडा तो परत उतरवून घेतो.

स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर टाइप करून उघडलं. डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मध्ये यादी दिसते. क्रोमचं अपडेट, एजचं अपडेट, वनड्राइव्ह, हे ओळखीचं होतं. त्यांच्या मधोमध ‘सिस्टिम हेल्थ अपडेट’ नावाचं एक टास्क होतं. नावात काहीच वावगं नाही. ‘ट्रिगर्स’वर गेलो तर लिहिलेलं: लॉगिन झाल्यावर, आणि मग दर ३० मिनिटांनी, कायम. ‘ॲक्शन्स’मध्ये स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची फाइल चालवणारा विंडोजचाच डब्ल्यूस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम, आणि त्यापुढे ॲपडेटाच्या (प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात त्या लपलेल्या जागेच्या) रोमिंग फोल्डरमधली, आठ अर्थहीन अक्षरांच्या नावाची एक स्क्रिप्ट. काका शेजारी वही घेऊन बसले होते. त्यांनी ९.१४, ९.४४, १०.१४ यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हंजे हेच की ते."

इथे काय तपासायचं ते नीट लक्षात घ्या. नावावर जाऊ नका, नाव कुणीही काहीही देऊ शकतं. ते टास्क कुठली फाइल कुठनं चालवतं ते बघा. खरे प्रोग्रॅम बहुधा प्रोग्रॅम फाइल्समध्ये किंवा विंडोजच्या फोल्डरमध्ये राहतात. एखादं टास्क ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रॅमडेटामधली स्क्रिप्ट चालवत असेल तर संशय घ्यायलाच हवा. ॲपडेटात काही चांगली ॲपही असतात, त्यामुळे दिसलं की डिलीट असं करू नका. आणि डावीकडे ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डरखाली जी लांबलचक यादी आहे तिला हात लावू नका, तिथे बहुतेक सगळं विंडोजचं स्वतःचं असतं.

काढायचा क्रम असा ठेवला. आधी स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता वहीत उतरवला. मग टास्क ‘डिसेबल’ केलं. मग टास्क मॅनेजरमधून चालू असलेला डब्ल्यूस्क्रिप्ट संपवला. मग त्या पत्त्यावर जाऊन फाइल डिलीट केली. शेवटी टास्क डिलीट केलं आणि रिस्टार्ट. उलटं केलं, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नुसतं टास्क उडवलं, तर चालू असलेला प्रोग्रॅम ते टास्क पुन्हा तयार करू शकतो. फाइल ‘वापरात आहे’ म्हणून डिलीट होत नसेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (यात विंडोज गरजेपुरतंच चालू होतं) जा आणि तिथे डिलीट करा. नव्या लॅपटॉपवर या रिस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची, ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आधीच मोबाइलवर उघडून ठेवा.

त्याच वेळी टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ भागही बघून घ्या, आणि सेटिंग्जमध्ये ॲपची यादी तारखेनं लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात काय काय बसलंय ते एका नजरेत दिसतं. खोटा क्लीनर तिथूनच अनइन्स्टॉल करा. जाताना तो ‘खरंच काढायचं? कॉम्प्युटर असुरक्षित होईल’ असं दोन-तीनदा विचारेल आणि ‘ठेवा’चं बटण मोठं रंगीत दाखवेल. वाचून, लहान अक्षरातलं बरोबर बटण दाबा.

आता खरी गाठ. टास्क गेलं, खिडकी थांबली, पण काकांचा एक प्रश्न शिल्लक होता: "मग विंडोजचा अँटीव्हायरस काय करत होता? मी रोज स्कॅन करतोय, काही धोका नाही म्हणतंय." प्रश्न अगदी रास्त होता. विंडोज सिक्युरिटी उघडलं, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी तळाशी ‘एक्सक्लुजन्स’. ही यादी म्हणजे ‘इथे तपासू नकोस’ असं डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसला, सांगितलेल्या जागा. काकांच्या यादीत एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. राखणदाराला कुणीतरी घरात न बघण्याची ताकीद दिली होती आणि तो इमानानं पाळत होता. ही ओळ काढली, ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणारं बटण) चालू केलं, वायर जोडून अपडेट घेतलं आणि मग स्कॅन लावला. आधी रोज स्वच्छ दिसणाऱ्या कॉम्प्युटरवर तीन गोष्टी सापडल्या. ही यादी बहुतेक घरांत रिकामी असायला हवी. तुमची आता उघडून बघा.

त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. मध्ये लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्यावर, नाहीतर लाइटीचा भरवसा असेल तेव्हा लावा. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर घ्या. उतरवल्यापासून दहाच दिवस चालतं, म्हणून दर वेळी नवं घ्यावं लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही बॉट (कॉम्प्युटर दुरून ताब्यात घेणारे प्रोग्रॅम) काढायची मोफत साधनं आहेत. मात्र दोन अँटीव्हायरस कायमचे शेजारी शेजारी बसवू नका. ते एकमेकांच्या वाटेत येतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो.

‘ॲप अँड ब्राउजर कंट्रोल’मध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ आहे, ते चालू करा. खोटे क्लीनर नेमके याच वर्गात पकडले जातात.

फॉरमॅट मारूनही का फुटला

काकांच्या डी ड्राइव्हमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर होतं. त्यात मराठी टायपिंगच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायचा चोरटा प्रोग्रॅम, पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये. झिपला पासवर्ड का? आत काय आहे ते अँटीव्हायरसला बघता येऊ नये म्हणून. सोबतच्या नोटमध्ये पहिली सूचना होती: ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा.’ दोन्ही फॉरमॅटमध्ये फक्त सी ड्राइव्ह पुसला गेला, विंडोज बसलं, आणि काकांना मराठी टायपिंग लागतं म्हणून दर वेळी तेच फोल्डर उघडून तोच क्रॅक टाकला. खोडकी ती होती. फॉरमॅट मारणाऱ्यानं मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण ‘हे कुठनं आलं?’ असं त्यानं विचारलं असतं तर काकांचे दुसऱ्यांदाचे पैसे वाचले असते.

मराठी टायपिंगसाठी क्रॅकची गरजच नाही. विंडोजमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतो, उच्चारावर चालणाराही येतो, तोही फुकट. काकांना उच्चारावरचा लावून दिला. अर्ध्या तासात त्यांनी नातवाला शाळेचं पत्र टाइप करून दाखवलं.

कधी फॉरमॅट मारायचा? सगळं काढूनही वहीत वेळा येत असतील, डिफेंडर चालूच होत नसेल, किंवा कुणाला दुरून कॉम्प्युटर चालवायला दिला असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका. फक्त फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. इन्स्टॉलर, झिप, ‘सॉफ्टवेअर’ फोल्डर यातलं काही घेऊ नका. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा आणि पूर्ण डिस्क पुसा, डी सकट. आधी अस्सल परवाना असेल तर त्याच मशीनवर तो आपोआप लागू होतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात. मशीन विंडोज ११साठी जुनं पडत असेल तर लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा, विचार जरूर करा. बिल भरणं, मेल, टायपिंग, यूट्यूब एवढंच काम असणाऱ्या दोन घरांत मी ते बसवलंय आणि तिथून अशी तक्रार परत आलेली नाही.

पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला, घरी आणून लावला, आणि आतल्या सगळ्या फाइलींच्या जागी शॉर्टकट. ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून माझ्याकडे वकिलांच्या टायपिस्टचे असे पेनड्राइव्ह जास्त यायला लागलेत. घाबरून फॉरमॅट मारू नका, फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात. नुसता पेनड्राइव्ह लावल्यानं प्रोग्रॅम चालू व्हायची जुनी सोय मायक्रोसॉफ्टनं २०११मध्ये अपडेट पाठवून जुन्या विंडोजवरही बंद केली. म्हणून आता पेनड्राइव्हमधून पसरणारे हे किडे (व्हायरस) फाइली लपवतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतात. तुम्ही त्यावर डबल क्लिक केलं की किडा चालतो, आणि संशय येऊ नये म्हणून तुमची फाइलही उघडून देतो.

तर डबल क्लिक करायचं नाही. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’ भागात तीन गोष्टी करा: लपलेल्या फाइली दाखवा, ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा’ची खूण काढा, आणि ‘ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेंशन लपवा’चीही खूण काढा (इथे एक्स्टेंशन म्हणजे फाइलीच्या नावाचं शेपूट, ब्राउजरचं नव्हे). आता पेनड्राइव्हमध्ये फिकट रंगाचं एखादं फोल्डर दिसेल, कधीकधी त्याला नावच नसतं. तुमची कागदपत्रं बहुधा त्यात असतात. फक्त तीच उचलून कॉम्प्युटरवर नव्या फोल्डरमध्ये घ्या, त्यावर स्कॅन चालवा, आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. डॉट व्हीबीएस, डॉट जेएस, डॉट ईएक्सई असं शेवटी असलेलं काही उचलू नका. एक्स्टेंशन दिसायला लागलं की ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असली सोंगंही लगेच उघडी पडतात. ती तिसरी खूण काढलेलीच राहू द्या, पहिल्या दोन काम झाल्यावर पूर्ववत करा.

छपाईसाठी पीडीएफ दुकानाच्या मेलवर पाठवणं सगळ्यात बरं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपलं मेल किंवा व्हॉट्सॲप उघडू नका.

राउटरचं थोडक्यात. बाजूच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणा, पण त्याआधी केबलवाल्याकडून नेटचं युजरनेम-पासवर्ड घेऊन ठेवा, नाहीतर नेटच बंद पडेल. मग राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा आणि हा वेगळा.

पासवर्ड आणि पैसे

कॉम्प्युटर स्वच्छ झाला तरी चोरीला गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांची किल्ली तीच आहे. मग बँक, मग उरलेलं. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ दाबा. हे पुष्कळांकडून राहतं, आणि ते केल्याशिवाय काही ठिकाणी पासवर्ड बदलूनही चोराचं आधीचं लॉगिन तसंच चालू राहतं. दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

पैसे गेले असतील तर लाजू नका आणि थांबू नका. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर तो रोखून धरायची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्या हातून ओटीपी गेलेला असला तरी, कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. गल्लीतल्या एका काकूंनी ‘मुलगा रागवेल’ म्हणून दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दोन दिवसांत आणखी दोनदा पैसे गेले. घरातल्या मुलांनो, आईवडिलांवर यासाठी कधीही ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत.

हे सगळं झाल्यावर वही आठ दिवस कॉम्प्युटरशेजारीच राहू द्या. पुन्हा एखादी वेळ लिहायची पाळी आली, तर किती वाजता आली, त्याआधी काय उघडलं होतं आणि पेनड्राइव्ह लावला होता का, एवढं लिहून मला कळवा. काकांनी त्यांचं पान गेल्या रविवारी आणून दाखवलं. एकाखाली एक आठ तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे आडवी रेघ.